थांबायचं नाही असा वेग

अण्णा, तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली. तुमची आठवण आली की आधी राग येतो, तो आजही आला आहे.

बारावीच्या सुट्टीत अंबडच्या आपल्या मशीन शॉपमध्ये तुम्ही मला लोखंड कातायच्या लेथवर उभं केलंत. त्या लेथचा एक गिअर वाईट होता. इतर वेळी मशीन शांत, पण तो टाकला की पायाखालची फरशीसुद्धा थरथरायची. कामगार तो कधीच टाकायचे नाहीत. "हिला कोणी सांगायचं नाय. बघू किती हुशार हे," असं तुम्ही त्यांना बजावलं होतंत, हे मला पुढे त्यांच्याकडूनच कळलं. मी नेमका तोच टाकला. जॉबवर, म्हणजे कातायला लावलेल्या दांड्यावर, लाटा उमटल्या. तुम्ही तो जॉब भंगारात टाकला नाहीत, दाराशी खिळ्याला टांगलात. येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवायचात, "ही आमच्या इंजिनियर बाईंची नक्षी." लोक हसायचे आणि मी त्यांना चहा द्यायचे.

आता मी अवकाशात जाणाऱ्या दुर्बिणींची थरथर मोजते. तिथे वारा नाही, रस्ता नाही, धक्का द्यायला कोणी नाही. दुर्बीण हलते ती स्वतःच्याच पोटातल्या चाकांमुळे. तिला ताऱ्याकडे वळवणारी ही चाकं केसभर जरी असमतोल असली, तरी एका ठरावीक वेगाला आरशाचा सगळा सांगाडा त्यांच्याबरोबर थरथरू लागतो आणि ताऱ्याच्या ठिपक्याचा फराटा होतो. मग आम्ही लिहून देतो, या वेगावर थांबू नका, झटकन पुढे जा. लिहून देतो, अण्णा. लपवून मजा बघत नाही.

शेवटच्या वर्षी, गंगापूर रोडला दादाच्या फ्लॅटमध्ये, तुम्ही पडल्यापडल्या विचारलंत, "तिथं आपल्या शॉपचं कधी सांगती का गं?" तुमचा आवाज इतका गरीब झालेला मी कधी ऐकला नव्हता, आणि मला बरं वाटलं. "नाही. वडील क्लार्क होते म्हणून सांगते. लाज वाटते," मी म्हणाले. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. मी सफरचंद कापत होते, ते कापून संपवलं.

ते खोटं होतं. इंटरव्ह्यूमध्ये पुस्तकातलं सोडून मी तुमच्या लेथचंच सांगितलं होतं, ऐकणारे तिघंही खुर्चीत पुढे सरकले होते आणि नोकरी मिळाली ती त्यावरच. हे सांगायला मला आणखी सात महिने मिळाले. दर महिन्याला येऊन तुमच्या खाटेशी बसत होते. नाही सांगितलं. तुम्ही परत एकदा त्याच आवाजात विचाराल, याची वाट बघत होते.