तिसरी रांग नसलेली गाडी

मी, विनता शशिकांत वझलवार, वय एकाहत्तर, धंदा रिछाईला मसाल्याची चक्की, राहणार राइट टाउन, जबलपूर, हे मृत्युपत्र आपल्या मर्जीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. वकीलसाहेब म्हणाले हे एकदा लिहिलं की पुरे. मी दोनदा लिहिते, कारण माझा मुलगा अनुपम सोमवारी गाडीच्या शोरूममध्ये सांगून आला, "मम्मी की तबियत ठीक नहीं रहती, कहीं भी साइन कर देती हैं. बुकिंग रोक दो."

माझं डोकं ठिकाणावर आहे. गाडी उद्या सकाळी येते. तिच्या आधी हा कागद व्हायला पाहिजे, म्हणून भराभर लिहून राहिली. आठवी शिकलेली आहे, शुद्धलेखन पाहू नये.

१. राइट टाउनचं घर अनुपमचं. त्यात वाद नाही. जिन्याखालचा नळ गळते, तो मी मरायची वाट न पाहता नीट करावा.

२. रिछाईची चक्की, पट्टे, चाळण्या, काटा, सगळं चक्कीवरच्या कारागीर बळीरामचं. मिरचीने तो माझ्याइतकाच शिंकला आहे. धन्यात काही मिसळायची बुद्धी झाली तर आधी पाटीवरचं माझं नाव पुसावं.

३. बँकेत जे आहे ते नात यशश्रीच्या शिक्षणाला. मंडप, बँड, घोडा यांना नाही.

बाहेर हॉर्न वाजला, पाहून आली. दूधवाला होता.

४. आता गाडी. जुनी सात सीटची गाडी चक्कीच्या कमाईची, माझ्याच नावावर. ती एक्स्चेंजमध्ये दिली, महाराजपूरचा माझा प्लॉट विकला आणि एक लहान, महागडी एसयूव्ही घेतली. अनुपम म्हणाला,

"आई, सात सीटची देऊन पाच सीटची कोण घेते? वरून पैसे भरून राहिली!"

"मी घेते."

"पण काहून?"

"तिच्यात तिसरी रांग नाही, म्हणून."

"म्हणजे?"

चलो, म्हणजे काय ते इथे लिहिते. तोंडी ऐकायला त्याला वेळ नसते.

जुन्या गाडीत सगळ्यांच्या जागा ठरलेल्या. चालवायला आधी हे, म्हणजे माझे यजमान शशिकांत, आता नाहीत. मग अनुपम. शेजारी प्रतिमा वन्सं, ह्यांची बहीण, कारण "मागे मला मळमळतं गं बाई." मधे बाकीचे. आणि शेवटी, डबे, बॅगा, गुंडाळलेल्या गाद्या यांच्यासोबत मी. मळमळायचं मलाही. तोंडात खारवलेलं लिंबू धरून बसायची. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

अनुपमचं लग्न लावून नागपूरहून परत येताना बरगीच्या ढाब्यावर थांबलो. त्या गाडीत शेवटच्या रांगेतून आपलं आपण उतरता येत नसे. मधली सीट कोणी बाहेरून पाडली तर रस्ता मिळायचा. सगळे उतरले, दारं लागली. पुढच्या काचा उघड्या होत्या, बोलणं ऐकू येत होतं. आवाज देऊ शकली असती. दिला नाही. पाहायचं होतं, कोणाला आठवते.

वन्सं भजी खाऊन राहिल्या होत्या. हे हसून राहिले होते. दुसऱ्यांदा चहा मागवला. तेव्हा नवी नवरी उठली.

"आई कुठे आहेत?"

"असेल इथेच कुठे तरी," हे म्हणाले.

ती हिरव्या चुड्यासकट गाडीशी आली, आत वाकून पाहिलं. माझ्या मांडीवर लाडूचं पातेलं. सीट कशी पाडायची तिला कळेना. मग ढाब्यावाल्याला ओरडली, "भैया, ये कहाँ से खुलता है?" त्याने खटका दाबून दिला. बाहेर आली तर गुडघे सरळ होईनात. तिने आपला कप मला दिला.

ती प्रणोती, माझी सून. तिच्याकडे लग्नाआधीपासून लायसन्स आहे आणि आमच्या घरात तिला एकदाही चावी मिळाली नाही. "हायवे आहे, रहने दे." सोमवारी अनुपमने बुकिंग रोखली, मंगळवारी ही त्याला न सांगता शोरूमला गेली. मॅनेजरला म्हणाली, "मम्मी का दिमाग हम सबसे तेज़ चलता है. गाड़ी गुरुवार को ही चाहिए." घरी येऊन मला म्हणाली, "आई, अनुपम दोन दिवस बोलणार नाही माझ्याशी." मी म्हटलं, "अच्छा है, आराम कर."

म्हणून ही गाडी प्रणोतीची, एकटीची. ठेवावी, विकावी, तिची मर्जी. अनुपमला बसायचं असेल तर मागे. हळू चालव म्हणायचं नाही.

५. प्रतिमा वन्संना माझी खारवलेल्या लिंबांची बरणी. यापुढे त्यांनाही मागे बसावं लागेल.

६. माझं दहावं-तेरावं आटोपशीर करावं. अस्थी याच गाडीतून ग्वारीघाटला न्याव्यात. गाडी प्रणोती चालवेल. कलश डिक्कीत नाही, कोणाच्या मांडीवर नाही. पुढच्या सीटवर, बेल्ट लावून. नाही लावला तर ती गाडी ओरडते. बटण दाबलं की ती सीट थंड होते, दाबावं.

घाटावर जायच्या आधी बरगीला त्याच ढाब्यावर जायचं. उलटा रस्ता आहे, माहीत आहे. प्रणोती उतरेल, चहा पिईल. वाटलं तर दुसरा मागवेल. अनुपम आणि वन्संनी आत बसून राहायचं. ती येऊन दार उघडेल तेव्हा उतरायचं.

वरचं सगळं मी स्वतः लिहिलं, वाचलं, बदलणार नाही. सही करते आणि फाटकाशी जाऊन उभी राहते. गाडी उद्या आहे, तरी.

विनता शशिकांत वझलवार (सही)

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर सही केली:
चिंतामणी रायपूरकर, शेजारी (सही)
समिधा टेंभेकर, शाळेतल्या बाई, समोरचं घर (सही)

राइट टाउन, जबलपूर
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५