हॅलम घराण्याचा मेंढीचोर

रोहणा, तालुका आर्वी

चि. मयुरीस,

मामाचा सप्रेम जय भीम. तिकडच्या थंडीत तू स्वेटर घालतेस ना? इकडे सगळे बरे आहेत. एसटीतून माझ्यासोबत माझा गुडघाही रिटायर झाला, बाकी तक्रार नाही.

तू एडविनशी लग्न करायचं म्हटल्यावर तुझ्या आईने मला वडनेरला बोलावून घेतलं. (जिजाताईचं बोलावणं म्हणजे समन्सच.) "गुलाब, तिकडं कोन जाऊन पाह्यन? तूच तपास पोराचं घरदार," म्हणाली. आता सोयरीक हिंगणघाटची असती तर मी एका पानटपरीवर उभ्या उभ्या तीन पिढ्या काढल्या असत्या. इंग्लंडची पानटपरी कुठून आणू? शेवटी माझ्या सुनेने, जागृतीने, मोबाइलवर तिकडच्या जुन्या नोंदी लावून दिल्या. एडविनने एकच धागा दिला होता. त्याचा खापरपणजोबा, आर्थर वॉल्टर हॅलम, घर सोडून आपल्या आर्वीला कापसाच्या जिनिंगवर मशिनी बसवायला आला होता. त्याच्या मागचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

मला हसूच आलं. एवढी शिकलेली माणसं, आणि बापाचं नाव मधेच लिहिलेलं दिसत नाही! मी लगेच वॉल्टर हॅलम शोधला. आर्थरच्याच गावचा निघाला, मेंढ्या चोरून तुरुंगात गेलेला. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तुला माहीतच आहे. वडनेरला चहा पिता पिता सगळ्यांसमोर सांगून टाकलं. ताईने कप खाली ठेवला आणि तुझे फोन घेणंच बंद केलं. तू रडलीस हे जागृतीकडून कळलं, तेव्हा मला फार वाईट वाटलं. पण पुरावा हाती होता, करणार काय?

मग रविवारी एडविनचाच फोन आला. त्यांच्यात मधलं नाव बापाचं नसतं म्हणे, कोणाचंही ठेवतात. आर्थरच्या मधे त्याच्या मामाचं नाव होतं. (मामाला एवढा मान देणारं कुळ! मी तिथेच अर्धा विरघळलो.) मेंढीचोर दुसऱ्याच घरचा. खरा बाप थॉमस, तो एडविनने चर्चच्या नोंदीत शोधून काढला. लोकांच्या शेतात राबणारा मजूर.

मी तोंड पाडून ताईला सांगितलं, "नुसता मजूर निंघाला."

"मंग आपलाच मानूस हाय ना! खानदान इचारनाऱ्यायनं आपल्या बापाले कधी उंबरठा ओलांडू देल्ला नाई, अन् तू त्या पोराच्या पिढ्या खोदून राह्यला? लाव मयुरीले फोन."

(तपास तिनेच लावला होता, हे म्हणायची माझी हिंमत झाली नाही.) तुला आईचा होकार आला, तो या फोनवरून. पोरी, मला फार आनंद झाला.

तुझा मामा,
गुलाब पुनाजी
(पुनाजी माझा बापच आहे, एडविनला सांगून ठेव.)

ता. क. खरं तर पत्र यासाठीच लिहिलं. पुनाजीचा बाप रामाजी त्याच जिनिंगवर हमाल होता, असं आबा, म्हणजे पुनाजीच, सांगत. रामाजीचा बाप कोण, हे आपल्यात कोणालाच सांगता येत नाही. आपली नावं लिहून ठेवावीत असं तेव्हा कोणाला वाटलंच नाही. एडविनचा हात या कामात चांगला बसला आहे. त्याला म्हणावं, आता आपल्या घराचंही बघ.

आणखी ता. क. त्यात कोणी मेंढीचोर निघाला तर आधी मला कळवजो. ताईले सांगू नको.