मनाईचं गवत

सेक्टर ६, भिलाई
सोमवार, ६ ऑगस्ट १९८४

प्रिय वच्छला,

आज श्रावणातला दुसरा सोमवार. सकाळी नळाला पाणी आलं ते भरून ठेवलं. तुझे दादा डबा घेऊन प्लँटला गेले, मुली शाळेत गेल्या. दोन दिवस पावसानं उघडीप दिली आहे म्हणून गोधड्या वाळत टाकल्या. मग थोडा वेळ बाहेर जाऊन आले. हातपाय धुतले आणि तुला पत्र लिहायला बसले आहे.

तुझं पत्र मागच्या आठवड्यात मिळालं. ते दादांच्या नावाचं होतं. त्यांनी वाचलं, घडी करून माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, "तूच लिही. मले नाही जमत." तेव्हा हे उत्तर माझं आहे असं समज. दादांना ते मान्य आहे, पण शब्द माझे आहेत.

गावात शाळेपुढं जंगल सत्याग्रहाचा दगड बसतो आहे, पंधरा ऑगस्टला कार्यक्रम आहे, हे वाचून बरं वाटलं. पुढचं वाचून वाटलं नाही. समितीचे श्यामराव म्हणतात, दगडावर तुरुंगात गेलेल्यांचीच नावं येतील. आई तुरुंगात गेल्या नव्हत्या. पण महिनाभर तुरुंगवास भोगला असं घरच्यांनी लिहून सही दिली, तर शेवटच्या ओळीत त्यांचंही नाव बसेल. एवढ्या वर्षांनी कोण विचारायला येतं, असं तू लिहिलंस. शिवाय आईंचा विळा पाठवावा, तो शाळेत काचेच्या पेटीत ठेवतील. तुझा हेतू वाईट नाही. तुझी ती आई. माझी सासू होती. पण मामंजी गेल्यावर अठरा वर्षं त्या माझ्याजवळ राहिल्या, आणि फाल्गुनात गेल्या तेव्हा त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी फार बोलत नाही हे तुला माहीत आहे. आज बोलते.

खैरवाडीच्या रानाची गोष्ट तू लहानपणी ऐकलीस, पण तुझ्या पत्रावरून वाटतं की अर्धीच ऐकलीस. मी ती पूर्ण ऐकली आहे, दुपारी तांदूळ निवडताना, पुष्कळ वेळा. सरकारनं रान राखीव केलं होतं. घरच्या गाईसाठी पेंढीभर गवत कापलं तरी गुन्हा. आपल्याकडे समुद्र नाही, मीठ कुठून उचलणार, म्हणून आपल्या लोकांनी गवत धरलं, असं आई सांगायच्या. तीस साली श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी गाव विळे घेऊन रानात गेलं. पुरुषांना पकडून वर्ध्याला नेलं, त्यात मामंजी होते. बायकांना नेलं नाही. पोलिसांनी त्यांचे विळे काढून घेतले, मोटारीत बसवलं आणि लांब, माणूस नसलेल्या रानात उतरवून दिलं. जमादार म्हणाला, "जा आता चालत. पोरं रडून राहिली तुमची."

इथवर तुला माहीत आहे. आईंचं वय तेव्हा अठरा. त्यांनी आपला विळा लुगड्याच्या ओच्यात दडवला होता. मोटार गेली तशा बायका रडू लागल्या. कोणी वाघाचं नाव काढलं, कोणी घरच्या तान्ह्याचं. आईंनी चहूकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बायांनो, हे बी सरकारचंच रान हाय ना? मंग रडून कावून राहिल्या? आपल्याले तर सरकारनं मोटारीनं आणून सोडलं." मग एका विळ्यानं आळीपाळीनं सगळ्यांनी गवत कापलं. भारे बांधले, डोक्यावर घेतले, आणि घरी न जाता सरळ ठाण्यावर गेल्या. दिवस मावळायच्या आत ठाण्याच्या दारात भाऱ्यांचा ढीग पडला. आई जमादाराला म्हणाल्या, "घ्या, तुमच्या घोड्याले घाला. आता तरी धरा आमाले." त्यानं धरलं नाही. बायकांचं काय नोंदवायचं, म्हणाला, आणि हाकलून दिलं.

ही गोष्ट सांगताना आई पहिल्या भागाला हसायच्या, शेवटाला नाही. एकदा म्हणाल्या, "त्यानं मले सोडलं नाही व माय. त्यानं माझा गुन्हाच मानला नाही." तेव्हापासून दर वर्षी त्याच सोमवारी त्या मनाई असलेल्या जागेतलं मूठभर गवत कापायच्या. स्वराज्य आल्यावरही. रानाच्या तोंडाशी पाटी तीच राहिली होती, फक्त रंग नवा दिला होता. गार्ड म्हणाला, "काकू, आता तं आपलंच राज्य आहे, आता कावून कापता?" आई म्हणाल्या, "आपलं आहे ना? मंग मले आपल्या तोंडानं सांग, कावून नको कापू." गवत कापून झालं की ते देवापुढं ठेवायचं नाही, फोटोपुढं ठेवायचं नाही. गाईपुढं टाकायचं. गवत गाईसाठीच असते, म्हणायच्या.

भिलाईला आल्या तेव्हा मला वाटलं, हे आता सुटेल. इथं कुठलं रान? त्यांनी पहिल्या श्रावणातच जागा शोधली. आमच्या मागच्या बगिच्यात हिंदीत पाटी आहे, घास काटना मना है. चौकीदार बळीराम, इकडचाच छत्तीसगढी माणूस. त्यानं पाहिलं, एक म्हातारी कमरेचा विळा काढून कडेचं गवत कापते आहे. त्याला वाटलं घरी गाय आहे, चाऱ्याची अडचण आहे. तो धावत आला आणि म्हणाला, "दाई, घास बर काबर हलाकान होथस? मैं पहुँचा देहूँ." दाई म्हणजे इकडे आई; गवतासाठी कशाला त्रास घेतेस, मी पोचवतो, असं त्याचं म्हणणं. संध्याकाळी खरोखरच मोठा भारा खांद्यावर घेऊन आमच्या दारात हजर. आईंचा चेहरा असा झाला की मी आत पळाले. कोणी त्यांना शिव्या दिल्या असत्या तरी त्या इतक्या चिडल्या नसत्या. म्हणाल्या, "ने वापस. देलेलं गवत मले नको." तो बिचारा भारा घेऊन परत गेला आणि वाटेत सगळ्यांना सांगत गेला की त्या क्वार्टरमधली दाई जरा अशीच आहे.

दुसऱ्या वर्षी दादांनी डोकं चालवलं. उगाच चारचौघांत शोभा नको, म्हणून बगिच्याच्या साहेबांना भेटून तोंडी परवानगी आणली आणि मोठ्या आनंदानं सांगितलं, "आई, आता बिनधास्त काप. साहेब हो म्हणाले." आईंनी जेवता जेवता विचारलं, "बगिच्यापुरतंच हो म्हणाला का?" दादा हो म्हणाले. त्या सोमवारी आई बगिच्यात गेल्याच नाहीत. पलीकडच्या कुंपणाजवळ, जिथं परवानगी नव्हती, तिथं जाऊन कापलं. रात्रभर दादांना झोप नाही आणि आई घोरत होत्या. दादांनी पुन्हा कोणाला विचारलं नाही.

शेवटी समजला तो बळीराम. कसा ते मला माहीत नाही, बहुतेक आईंनीच दोघांच्या मोडक्या हिंदीत सांगितलं असेल. त्यानंतर दर वर्षी त्या वाकल्या की तो दुरून जोरात शिट्टी वाजवायचा, हातातली काठी आपटायचा आणि ओरडायचा, "ए दाई, मना हे ना." आई मुठीतलं गवत त्याला दाखवायच्या, विळा कमरेला खोचायच्या आणि सावकाश घरी यायच्या. बगिच्यातली माणसं वळून बघायची. त्या दिवशी त्यांना भूक चांगली लागायची. पंच्याहत्तर साली, ज्या वर्षी सगळेच हळू बोलत होते, दादा म्हणाले, यंदा राहू दे. आई म्हणाल्या, "तुले भेव वाटून राहिलं ना? मंग याच वर्षी तं जायले पाहिजे." आणि गेल्या. शिट्टी त्याही वर्षी वाजली.

आता मला सांग वच्छला, या बाईला आपण तुरुंगात कसं घालायचं? ज्या जमादारानं बायकांचा गुन्हा मानला नाही, त्याचंच म्हणणं श्यामराव आज पुढं चालवत आहेत. त्यांच्या मतेही तुरुंगात गेलं तरच ते खरं. आणि आपण सही केली तर आपणही त्यांच्याच बाजूला बसलो. सही होणार नाही. दादाही करणार नाहीत. श्यामरावांना सांग की दगडावर 'तुळसाबाई, गवत कापले, पकडले नाही' एवढं लिहायला जागा असेल तर लिहा. तिच्याबरोबरच्या बायकांची नावं गावात अजून कोणाला ना कोणाला आठवत असतील, तीही विचारून त्याच ओळीत लिहा. तेवढं जमत नसेल तर तिचं नाव मुळीच नको. त्यांना राग आला तर माझ्यावर टाक. वहिनी ऐकत नाही म्हण.

आणि विळा. त्यासाठीच आज पत्र लिहायला बसले, नाही तर दोन ओळींचं कार्ड टाकलं असतं. फाल्गुनापासून तो दारामागच्या खिळ्याला होता, मी त्याला हात लावला नव्हता. आज सकाळी उतरवला, धार लावून घेतली आणि बगिच्यात गेले. बळीराम आता थकला आहे. मला पाहून त्यानं ओळखलं, हात जोडले आणि तोंड फिरवून उभा राहिला. मी वाकले, कापलं, मूठ भरली. शिट्टी वाजली नाही. मी तिथंच उभी राहिले. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "दाई त अब नइ हे, बाई." मी म्हटलं, "मैं तो हूँ." मी हलले नाही. बायका मुलांना घेऊन जात होत्या, त्या बघू लागल्या. मला तसं कोणी बघितलेलं आवडत नाही, तुला ठाऊक आहे. मग त्यानं खिशातून शिट्टी काढली आणि इतक्या जोरात वाजवली की झाडावरचे पक्षी उडाले. मी सावकाश चालत घरी आले. कोपऱ्यावरच्या तांबड्या गाईपुढं गवत टाकलं. म्हणून विळा पाठवता येत नाही. तो पुढच्या वर्षी लागेल. घरात आत्ता कोणी नाही. विळ्याला गवताचा हिरवा रस लागला आहे, तो राखेनं घासून काढते, पुसते, तेलाचं बोट फिरवते आणि खिळ्याला लावते.

तुझीच,
रमावहिनी