नरम काडतुसांची वाटणी

मी, ऑर्फा डेल कॅसडॉर्फ, कै. एमिट कॅसडॉर्फ यांची पत्नी, वय एक्क्याऐंशी, धंदा घरकाम व काडतुसे भरणे, राहणार हेझल लिक खोरे, वेस्ट व्हर्जिनिया, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र करीत आहे. मला धाक घालील असे घरात आता कोणी उरलेलेही नाही. मला अक्षरओळख नाही. मी सांगते आणि शेजारची इमोजीन टीटर लिहिते. मी बोलेन ते सगळे लिहायचे, सभ्य करायचे नाही, असे तिच्याकडून कबूल करून घेतले आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते वकिलाने केले होते आणि त्यात मी कुठेच नव्हते.

घर आणि मागचा डोंगर नाल्यापर्यंत माझा एकुलता मुलगा व्हर्लिन याला द्यावा. छप्पर गळते. "या उन्हाळ्यात करतो, आई," असे तो दर उन्हाळ्यात म्हणत आला आहे. आता त्याच्याच डोक्यावर गळेल.

बँकेत जे असेल त्यातून माझे दफन करावे. पेटी साधी पाइनची. उरले तर चर्चच्या स्वयंपाकघराला नवी शेगडी घ्यावी. जुनी चांगली आहे असे वांडा रिफल म्हणते, पण वांडा तिच्यावर कधी स्वयंपाक करीत नाही. तळघरातल्या बरण्यांतले हरणाचे मटण व्हर्लिनच्या शिकारीतल्या जोडीदाराला, डेन्झिल हिंकलला द्यावे आणि बरण्या परत मागाव्यात. तो आपण होऊन देत नाही.

आता ज्यासाठी व्हर्लिन स्वयंपाकघरात कान देऊन बसला आहे ते.

एमिटची रायफल माझी नात शेल्बी, म्हणजे व्हर्लिनची मुलगी, हिला द्यावी.

इथे आतून आवाज आला, "आई! ती बाबांची रायफल आहे. ती मुलाकडं जाते."

"मुलगा जातो का तिला घेऊन कुठं?" मी विचारले.

भांड्यांचा आवाज आला.

"हे पण लिहू का, काकू?" इमोजीन म्हणाली.

"भांड्यांसकट लिही."

कारण असे. शेल्बी बारा वर्षांची असताना व्हर्लिनने तिच्या हातात ही रायफल दिली आणि आत पूर्ण ताकदीचे काडतूस घातले. धक्क्याने रायफलीवरची दुर्बीण मागे आली आणि पोरीची भुवई फुटली. वर हा म्हणाला, "रडतेस काय, सवय होते." सवय झाली ती भीतीची. चाप ओढायच्या आधीच ती डोळे मिटू लागली. नेम चुकला की सदऱ्याचे मागचे टोक कापायचे ही आमच्या खोऱ्याची रीत. तिचे कापले, सगळे हसले, आणि पोरीने शिकारीचे नाव टाकले.

तेव्हा मी एमिटच्या काडतुसे भरायच्या टेबलाशी बसले आणि बंदुकीची दारू कमी घालून नरम काडतुसे भरली. कुंपणापाशी जुनी ताटली टांगून तिला तिच्यावर नेम धरायला लावले. ती म्हणाली, "आजी, या रायफलीनं मला मारलंच नाही!" त्याच हंगामात तिने हरीण पाडले. व्हर्लिन त्यांना बाळाची काडतुसे म्हणतो. हरणाला ते कोणी सांगितले नव्हते.

पुढे खाणीत छताचा दगड व्हर्लिनच्या खांद्यावर पडला. आत धातूची पट्टी आहे. मोठा धक्का खांद्याला बसू देऊ नका, असे डॉक्टर म्हणाले. याने त्यातला 'मोठा' हा शब्द गाळला. तेव्हापासून हंगामात सगळे खोरे डोंगरावर असते आणि हा घरात धुतलेली भांडी पुन्हा धुतो. मी नरम काडतुसे पुढे केली तर म्हणतो, "पन्नाशीत बाळाची काडतुसं घेऊन डेन्झिलसमोर जाऊ?" फुप्फुसे गेल्यावर एमिटही असाच चुलीशी बसला. त्या खुर्चीतून तो उठला नाही. मला तीच गोष्ट दुसऱ्यांदा बघायची नाही, मेल्यावरसुद्धा.

काडतुसे भरायचे टेबल, गोळी दाबून बसवायचा प्रेस आणि सगळी हत्यारे शेल्बीला. त्यातली तार जोडलेली, नरम काडतुसाच्या मापाची पितळी पळी एमिटने जुने काडतूस कापून केली आहे. लाल चिंधी बांधलेल्या डब्यातली दारूच तिने मोजायची, दुसरी नाही. आणखी नरम करायचे म्हणून पळी अर्धवट भरायची नाही, गोळी नळीतच अडकते. टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवायचा. व्हर्लिनने एकदा फळीवर जागा व्हावी म्हणून दोन अर्धे डबे एकात ओतले होते. दाणे दोन तऱ्हांचे दिसले म्हणून कळले. ती सगळी दारू मी फुलांच्या वाफ्यात पसरली. त्या वर्षी झिनिया कमरेपर्यंत आल्या.

व्हर्लिनला बिस्किटांचा डबा द्यावा. त्यात मी या महिन्यात भरलेली नरम काडतुसे आहेत, प्रत्येकावर लाल ठिपका आहे. रायफल त्याने मुलीकडे तोंडाने मागून घ्यावी, खुणेने नाही. या गोळीचा वेग कमी असतो आणि ती लवकर खाली उतरते, म्हणून पडलेल्या अक्रोडाच्या झाडापलीकडे मारू नये. हरीण जवळ येईपर्यंत थांबावे.

राहिली गोधडी. लोक कापलेली सदऱ्यांची टोके भिंतीला ठोकतात, मी ती जोडत गेले. एमिटचा निळा चौकड्याचा तुकडा, डेन्झिलची लोकर, शेल्बीचा तो एक, आणि व्हर्लिनचे इतके की मधला भाग त्याचाच आहे. एका कोपऱ्यातला चौकोन रिकामा आहे. माझ्यामागे येणाऱ्या पहिल्या हंगामात व्हर्लिन डोंगरावर गेला तर गोधडी त्याची. नाही गेला तर डेन्झिलची. तो ती कुत्र्याखाली अंथरील. हे मी रागाने नाही, कुत्र्याला ओळखून सांगते.

इथवर इमोजीनने मला वाचून दाखवले आणि अंगठ्यासाठी शाई काढली, तोच व्हर्लिन हात पुसत बाहेर आला.

"माझी गोधडी त्याच्या कुत्र्याला?"

"तुझी कुठंय अजून?"

त्याने हातातले फडके खुर्चीवर टाकले. मग म्हणाला, "डबा कुठाय?"

"पलंगाखाली. पण रायफलीशिवाय डब्याचं काय करणार?"

"रायफल अजून तुझीच आहे ना?"

"मी जिवंत आहे तोवर."

"मग सोमवारी हंगाम उघडतोय, देतेस का, आई?"

तोंडाने मागितली. इमोजीन साक्षीला आहे.

"देते," मी म्हणाले. "चांगला सदरा घालून जाऊ नकोस."

सबब डब्याचे कलम रद्द, डबा आजच दिला. गोधडीच्या कलमातला 'माझ्यामागे येणाऱ्या पहिल्या' हा मजकूर काढून तिथे 'येत्या सोमवारी उघडणाऱ्या' असे वाचावे. रायफल शेल्बीचीच. सुई-दोरा मी काढून ठेवला आहे.

निशाणी डाव्या अंगठ्याची: ऑर्फा डेल कॅसडॉर्फ

लिहिणार: इमोजीन टीटर

साक्षीदार: १) वांडा रिफल (शेगडीबद्दल सहमत नाही, तरी सही केली) २) क्लोव्हिस शिफ्लेट, पाद्री

डेन्झिलला साक्षीला घेतले नाही. त्याच्या कुत्र्याचा अजून हक्क लागतो.

ठिकाण: हेझल लिक. शनिवार, २३ नोव्हेंबर २०१९.