कमानीला अडलेली एसटी

मंगळवार, ११ जून १९९६

संताप आवरत नाही म्हणून लिहिते. गावात माणसं थोडी, म्हणून इतकी वर्षं एसटी फाट्यावरच थांबायची, आत येत नव्हती. निम्मे तरुण फौजेत, ते मोजायचे कोणी? शेवटी आज आली, आणि तिच्याच स्वागताला बांधलेल्या सिमेंटच्या कमानीला तिचा टप अडला! ड्रायव्हर गाडी मागे घेऊन निघून गेला. हलगीवाले बघत राहिले.

"बाई, कमान वाईच बुटकी झाली," सरपंच म्हणाले, "पर दिसती लय झ्याक."

पाचगणीच्या कॉन्व्हेंटात शिवणाच्या तासाला आम्हाला आधी मोजायला शिकवलं, मग कापायला. यांनी एसटी कधी पाहिलीच नव्हती का?

शेजारच्या सुरेखाचं कराडच्या कॉलेजात नाव घातलंय. एसटी गावात आली तरच पाठवीन, ही तिच्या वडिलांची अट. संध्याकाळी म्हणाले, "कमान पाडत्याल तवा बघू."

पाडतील? सरपंचांच्या वडिलांच्या नावाची कमान? तोवर पोरीचं लग्न लावून मोकळे होतील.

मी म्हटलं, "ती उद्याच जाईल. फाट्यापर्यंत मी सोबत चालते."

"आवं, तुमचं गुडघं?"

"गुडघे माझे आहेत. तुम्ही कशाला कण्हता?"

आतून सुरेखाच बोलली, "बाई, किती वाजता निघायचं?"