दुसऱ्या रविवारची माणसं

बाबा, गेल्या वर्षी नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं की मला ऑटिझम आहे, जन्मापासूनच. चव्वेचाळिसाव्या वर्षी. तुम्ही असतात तर चष्मा पुसून तो कागद दोनदा वाचला असता आणि म्हणाला असतात, "दुसऱ्या डॉक्टरले दाखवू." मीही तेच केलं. दुसऱ्यानंही तेच सांगितलं. पहिल्या बाईंनी मी निघताना एक फोन नंबर दिला होता. सौसरला अशीच मोठी माणसं दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भेटतात, एकमेकांशी बोलतात, एवढंच. डॉक्टर नाही, औषध नाही, कोणी शहाणपण शिकवत नाही. काहीच नाही, तर मग बोलावतात कशाला, हे मला तेव्हाच खटकलं.

ही शंका तुम्हीच लावलेली. आठवतं? मी नववीत आहे. वर्गातल्या तीन मुली आठवडाभर माझ्याजवळ बसून राहिल्या आहेत आणि मी तिघींचे भूगोलाचे नकाशे काढून दिले आहेत. नकाशे जमा झाले त्या दिवशी त्या उठून मागच्या बाकावर गेल्या आणि माझ्या बोलण्याची नक्कल करून हसल्या. संध्याकाळी मी पोळ्या लाटते आहे, आई गेल्यापासून त्या मीच लाटते. तुम्ही पाटावर बसून सगळं ऐकलंत आणि रागानंच म्हणालात, "तुले माणसं ओळखू येत नाहीत. मग एक कर. कोणी गोड बोललं की आधी विचार, याले काय पाहिजे?" मी ते पाठ केलं. लोकांशी काय बोलायचं ते मी वहीत लिहून, दार लावून पाठ करायची, हे तुम्हाला ठाऊक होतं. ती वही एकदा तुमच्या हाती लागली. पुढच्या आठवड्यात दोनशे पानी नवी वही आणून दिलीत. तुमच्या त्या प्रश्नामुळे मला पुन्हा कोणी फसवलं नाही. तसं जवळही कोणी आलं नाही. पांढुर्ण्याच्या तहसीलमध्ये जमिनीच्या उताऱ्यांच्या नकला देणाऱ्या खिडकीवर मी वीस वर्षं बसते आहे, आणि डब्याच्या सुट्टीत एकटीच जेवते.

तरी मी सौसरला गेले. कोचिंग क्लासच्या वरची खोली, पाच माणसं. एकाला पंख्याचा आवाज सोसत नाही म्हणून पंखा बंद. एक जण भिंतीकडे तोंड करून बसलेला, आणि त्याला कोणी वळ म्हणत नव्हतं. ब्लाउज शिवणारी एक बाई सगळ्यांना बसवत होती. मला म्हणाली, "इथं डोळ्यात पाह्याची जबरदस्ती नाही. बोलाचं नसन तर नका बोलू." मी नोकरी कुठे करते तेवढंच सांगितलं. मग ती स्वतःबद्दल सांगू लागली. "गिऱ्हाईक येऊन राहिलं दिसलं की मी मनात वाक्य म्हणतो. सगळी वहीत लिहून ठेवली आहेत. दार लावून पाठ करतो." माझ्या वहीचं दोघांनाच माहीत होतं, तुम्हाला आणि आत्याच्या मुलीला. आणि आत्याची मुलगी सौसरलाच राहते. मी तिथून थेट तिच्या घरी गेले, चप्पल न काढता दारातूनच विचारलं, माझ्या वहीचं त्या बाईला तू सांगितलंस का. ती म्हणाली, "मी त्या बाईले ओळखत बी नाही. तू काय बोलून राहिली?" मला पटलं नाही.

मंगळवारी सुट्टी टाकून मी पुन्हा सौसरची बस धरली आणि त्या बाईच्या दुकानासमोर रसवंतीच्या आडोशाला तासभर उभी राहिले. खोटेपणा पकडायचाच होता. एक गिऱ्हाईक आलं. बाईनं ठरलेलं वाक्य म्हटलं, ठीक गेलं. मग त्या गिऱ्हाइकानं अचानक तिच्या मुलांची चौकशी केली. बाई नुसती टेप गुंडाळत राहिली, पुन्हा उलगडली, पुन्हा गुंडाळली. गिऱ्हाईक गेल्यावर ती बाहेर येऊन सरळ माझ्याकडे पाहत म्हणाली, "आत या. कवाची पाहून राहिली मी तुम्हाले." मी पाठ केलेलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं. ती म्हणाली, "मी बी आली होती तुमच्या तहसिलीत, काल. जमिनीच्या खसऱ्याची नक्कल मागाले. नक्कल कोणाले पाहिजे होती! मले वाटलं, ही आपल्यातली नाही, ऐकाले आली अन् मंग गावभर सांगन."

कालच्या रांगेतला तिचा चेहरा मला आठवेना. चेहरे मला आठवत नाहीतच. मी विचारलं, "मग?"

"तुम्ही तिघांले एकच वाक्य बोलल्या. त्याच आवाजात. मंग पटलं."

मी स्टुलावर बसले. आम्ही दोघी हसलो, आधी ती, मग मी.

आता मी दर दुसऱ्या रविवारी जाते. शंका गेलेली नाही, फक्त आता ती तुमच्याकडे वळली आहे. तिगावच्या त्या मास्तरांचं स्थळ आलं होतं, ते खाली मान घालून बसलेले, चहासुद्धा निवल्यावर प्यायले. मला ते आवडले होते. ते गेल्यावर तुम्ही म्हणालात, "घर पाहून आले असतील." मी मान डोलावली. बाबा, तेव्हा तुम्हाला काय पाहिजे होतं? मला जपायचं होतं, की ताटात गरम पोळी? लग्नाकार्यात पंगत बसायच्या आत तुम्ही घरी परतायचात, तुम्ही शिकवायचात त्या शाळेतलं कोणी कधी घरी आलं नाही. की तुम्हालाही माणसं ओळखू येत नव्हती, आणि मास्तरांची तुम्हाला खरंच भीती वाटली? उत्तर मिळणार नाही. मिळालं असतं तरी मी ते दुसऱ्या कोणाकडून तपासून घेतलं असतं.

हे पत्र कुठे धाडायचं नाही. गेल्या रविवारी मी ते त्या खोलीत वाचून दाखवलं, आम्ही हसलो तिथपर्यंत. पुढचं अजून लिहिलं नाही, असं त्यांना सांगितलं. लिहून झालं होतं.