पेट्रोलपंप विकणे आहे

९ ऑगस्ट

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. मी ठणठणीत आहे, एक गुडघा सोडला तर. तो तुझ्यासारखाच, पहिल्यापासून कुरकुऱ्या. मेहुण्यांना नमस्कार सांग.

मासिकातली जाहिरात पाहून घाबरलीस म्हणे. ‘दादा ठोकळे विकतोय म्हणजे नक्की काहीतरी बिनसलंय.’ काही बिनसलेलं नाही. जाहिरात माझीच आहे, पण मला विकायचं काहीच नाही. आता हे तुला कसं समजावू?

माझे हे जोडायचे खेळण्यातले ठोकळे तुला पोरखेळ वाटतात, ठाऊक आहे. पण त्यांनीही बरंच सोसलंय गं. आधी ते लाकडाचे होते. मग प्लास्टिकचे आले, तेही आतून पोकळ. जरा धक्का लागला की घर भुईसपाट. पुढे कुणा शहाण्याने आत नळ्या बसवल्या आणि ठोकळा ठोकळ्याला धरून राहू लागला. अगदी जुने मात्र वयोमानाने पोक काढतात. काहींवर मुलांच्या दातांच्या खुणा असतात. बाकीचे संग्राहक असे ठोकळे टाकून देतात. मी जन्मभर कवळ्या बनवल्या, मला त्याच खुणा बघत बसायला आवडतं.

तर, या छंदात एक रीत आहे. जुना संच कुणी नुसता बघून घेत नाही. देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने एका टेबलाशी बसून तो पुस्तिकेबरहुकूम पुरा जोडायचा. एक जरी ठोकळा कमी पडला तर व्यवहार रद्द. मोठा संच असला की आख्खी दुपार जाते. चहा होतो, समोरचा सुनेच्या कागाळ्या सांगतो, मी रिकाम्या घराच्या सोडून बाकी सगळ्या गप्पा मारतो.

आलं ना लक्षात? मी जाहिरात देतो, माणूस येतो, आम्ही जोडत बसतो, आणि एक ठोकळा माझ्या शर्टाच्या खिशात असतो. ‘अरेरे, एक कमी पडला हो!’ माणूस हळहळत निघून जातो. हसू नकोस. मला दुपारी समोर कुणीतरी बसलेलं हवं असतं, एवढंच.

गेल्या आठवड्यात पेट्रोलपंपाच्या संचासाठी एक बाई आल्या. त्या पाळणाघर चालवायच्या, आता बंद केलंय. लाल ठोकळे माझ्याकडे, पांढरे त्यांच्याकडे, ही वाटणी त्यांनीच केली. मी चुकीचा लावला की ‘अं हं’ करून बोटावर टिचकी मारायच्या. मला शेवटचं कुणी कधी दटावलं होतं, आठवत नाही. दातांच्या खुणा असलेला एक ठोकळा हातात आला, तर म्हणाल्या, ‘याचा पुढचा दात हलत होता हो.’ मी उडालोच. अगदी बरोबर होतं.

उन्हं उतरली, पंप उभा राहिला, आणि जागा दोन मोकळ्या! एक ठीक, तो माझ्या खिशात. पण दुसरा? माझं धाबं दणाणलं. गुडघा विसरून टेबलाखाली शिरलो. शोधायला मदत म्हणून बाईंनी पर्समधून चष्म्याचं घर काढलं, ते उघडलं, आणि त्यातून पांढरा ठोकळा टपकन फरशीवर पडला.

त्यांनी तो उचलून टेबलावर ठेवला. मग त्या म्हणाल्या, ‘मला काही घ्यायचं नसतं हो. जाहिरात दिसली की जाते मी. एक कमी पडला की न घेता उठता येतं.’

मी टेबलाखालून बाहेर येऊन खिशातला लाल काढून पुढ्यात ठेवला. त्यांनी तो पाहिला, मला पाहिलं, आणि अशा हसल्या की डोळे पुसावे लागले. मीही हसलो. या खोलीत दोन माणसं हसल्याचा आवाज मला अनोळखी वाटला.

दोन्ही ठोकळे बसवले. पंप पुरा झाला, आणि तिथेच घोटाळा झाला बघ. त्यांना घ्यायचा नाही, मला द्यायचा नाही, शोधायलाही काही उरलं नाही. ‘छान गेली दुपार,’ म्हणाल्या, चपला घातल्या आणि जिना उतरून गेल्या. ‘पुन्हा या’ म्हणायला माझी जीभ रेटली नाही. नाव विचारलं नाही, पत्ता नाही. माझा ठोकळा खिशातच राहू दिला असता, तर ‘सापडला का हो?’ विचारायला यायचं त्यांना निमित्त तरी उरलं असतं. फार एकटं वाटतं गं ठमे. आजवर तुला लिहिलं नव्हतं.

पुढच्या अंकात पुन्हा पेट्रोलपंपाचीच जाहिरात दिसेल, घाबरू नकोस. या वेळी शेवटी दोन शब्द वाढवलेत: ‘संच अपूर्ण’. अपूर्ण संच बघायला कुणी शहाणा संग्राहक फिरकत नाही. आलंच, तर एकच माणूस येईल.

तुझा,
दुपारी घरीच असणारा,
दादा